सिनेमा झकास, राष्ट्रगीत मात्र फाटलेलं

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा समोशाचा.

आमच्या स्टेशन रोडवर जुनी टॉकीज पाडून तीन पडद्यांचं नवं थिएटर झालंय. रविवारी दुपारच्या खेळाला मी आणि आमचे हे जाऊन आलो. तिकीट १८० रुपये. खुर्च्या ऐसपैस, बायकांचं स्वच्छतागृह खरोखरच स्वच्छ, समोसा गरम. एसी मात्र असा की शाल घेऊनच जा. पॉपकॉर्नचा भाव विचारला आणि समोशाकडे वळलो.

आता तक्रार. मी शाळेत सत्तावीस वर्षं संगीत शिकवलं. रोज सकाळी परिपाठाला पेटीवर ‘जन गण मन’. पूर्ण म्हणायला साधारण ५२ सेकंद लागतात, असं सरकारचंच म्हणणं. पोरं ‘विंध्य हिमाचल’ला पळत सुटतात आणि शेवटच्या ‘जय हे’ला रेंगाळतात, ती लयीत बसवता बसवता माझा अख्खा जून जायचा. त्यामुळे कान आपोआप तिथे जातो. इथे पहिल्या ओळीपासून घरघर. स्पीकर बिघडला म्हणावं, तर लगेच पुढची बनियनची जाहिरात खणखणीत! म्हणजे गाण्याची फाइलच कुठून तरी उतरवून घेतलेली. बनियनला चांगलं ध्वनिमुद्रण आणि राष्ट्रगीताला हे?

दुसरं, दिवे. गीत सुरू झालं तेव्हा हॉलमध्ये मिट्ट काळोख. दार सताड उघडं, माणसं ट्रे सांभाळत मोबाइलच्या उजेडात खुर्चीचे नंबर शोधतायत. कुणी पायरीवर उभं, कुणी अर्धवट वाकलेलं. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. हँडल धरून ते उठायला लागले तोवर ‘द्राविड उत्कल बंग’ येऊन गेलं. मागून आवाज आला, “काका, देशासाठी एक मिनिट उभं राहता येत नाही का?” हे काहीच बोलले नाहीत. मीही नाही, कारण गीत चालू होतं. आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं ना!

मध्यंतरात दिवे लागले आणि त्या मुलाला काठी दिसली. बिचारा ओशाळला. ह्यांचा हात धरून त्यानेच पायऱ्या उतरवल्या. गीताच्या वेळी दिवे असते, तर एवढं झालंच नसतं. दाराशी बॅटरी घेऊन उभा असलेला थिएटरचा माणूसही तेव्हा गप्पच होता. अपंगांना उभं राहण्यातून सूट आहे, हे त्याला तरी ठाऊक हवं.

सिनेमाआधी राष्ट्रगीत ही महाराष्ट्रात २००३पासूनची सवय. सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या नोव्हेंबरात ते देशभर सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ला ती सक्ती मागे घेतली. माझ्या लहानपणी ते सिनेमा संपल्यावर लागायचं आणि निम्मं थिएटर तोवर सायकल स्टँडवर पोचलेलं असायचं. साहेबाच्या देशातही पूर्वी खेळ संपल्यावर राणीचं गीत लागायचं, आणि तिथलेही लोक ते चुकवायला दाराकडे धावायचे म्हणे. आपलीच नावं कशाला ठेवायची!

लेकीकडे बँकॉकला गेले होते, तेव्हा तिथेही सिनेमा पाहिला. तिथे सिनेमाआधी लागलं ते राजाचं गौरवगीत, राष्ट्रगीत वेगळं. पडद्यावर राजाची चित्रं, आवाज स्वच्छ, वाद्यं सुटी सुटी ऐकू येत होती. आम्ही उभ्या राहिलो. पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं मात्र बसूनच होती. मी लेकीकडे पाहिलं, तर ती म्हणाली, “आई, २०२०च्या आंदोलनांपासून बरेच जण बसतात. तू समोर बघ.” त्या दिवशी तरी त्यांना कुणी हटकलं नाही. आणि त्याच शहरात संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं, तर धावपळ करणारी गर्दी जागच्या जागी थांबली. मीही थांबले, हातात आंब्याची पिशवी घेऊन. गीत संपताच सगळे असे चालायला लागले, जसं काही झालंच नव्हतं.

परत आपल्या थिएटरकडे. सिनेमा सुटल्यावर मॅनेजरला गाठलं. पोरगा विशीतला, पण ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, “मॅडम, फाइल आधीपासूनच होती, मी कधी नीट ऐकलीच नाही.” त्याला म्हटलं, चांगली मिळवून लाव, आधी दार लोटून घे, दिवे लाव आणि मग सुरू कर. त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. सुधारलं असेल तर अर्धा तारा वाढवीन.

गुडघेदुखीवाल्यांनी तीन नंबरच्या पडद्याला मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्यावी. तिथे पायरीला कठडा आहे, उठायला धरता येतो.