धारणीला जायच्या आधी केलेलं बारा आठवड्यांचं ट्रेनिंग, माझा अनुभव

मागच्या शनिवारी कोर्स संपवून नगरला घरी आले आणि पुढच्या महिन्यात अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात, धारणीला निघायचंय, तिकडे रेंजचा भरवसा नाही म्हणून आत्ताच लिहून टाकते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोघी-तिघी विचारतायत की आम्ही पण सेवेला, म्हणजे आदिवासी गावांत शिकवायला आणि वचन सांगायला, जायच्या आधी हे ट्रेनिंग करावं का, पाळक साहेब पण म्हणाले की नीट लिही, नुसतं छान छान लिहू नको. तर पाचपैकी चार स्टार देतेय, त्यातले साडेतीन तरी भाषेच्या ट्रेनिंगचे आहेत.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे कुणाचं मत वाचताय ते कळेल. माझं डी.एड. झालंय, दोन वर्षं पहिलीच्या वर्गाला शिकवलंय, घरात आणि उपासनेत मराठीच, धारणीकडच्या कोरकू भाषेतला एक शब्दही आयुष्यात कधी कानावर पडला नव्हता. त्यामुळे मला वाटत होतं की शिकवण्याचा भाग मला सोपा जाईल आणि भाषेचा जड जाईल. झालं बरोब्बर उलटं.

कोरकू ही मराठी-हिंदीच्या नात्यातली भाषाच नाही हे मला इथे येऊन कळलं, तिकडे झारखंडमध्ये संथाली आणि मुंडारी बोलतात ना, त्या मुंडा कुळातली ही भाषा, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेकडची. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या वर लोकांनी कोरकू ही आपली भाषा म्हणून सांगितलीय, मेळघाटात आणि पलीकडे मध्य प्रदेशात मिळून. कोरो म्हणजे माणूस आणि कोरकू म्हणजे माणसं, एवढं सरळ नाव आहे त्यांचं. आणि आपण अमरावतीपर्यंत जाऊन आलेले लोक सुद्धा म्हणतो की "ती कसलीशी आदिवासी बोली". मी पण म्हणायचे, आता लाज वाटते.

भाषेचा तास रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस. आम्ही अकरा जण होतो, त्यातले चौघं कोरकूला, बाकीचे गोंडी आणि पावरीला. शिकवायला कोणी प्रोफेसर नाही, चिखलदऱ्याकडच्या एक मावशी होत्या, पन्नाशीच्या आसपास, शाळा चौथीपर्यंत. आणि एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे स्टाफच्या मस्टरवर मावशींचं नाव बाकीच्या सरांच्या ओळीतच होतं आणि मानधन पण सरांएवढंच, मदतनीस वगैरे काही नाही.

पहिले तीस तास तोंड उघडायचं नाही. म्हणजे पहिले तीन आठवडे! वही नाही, पेन नाही, बोलायचं नाही, फक्त ऐकायचं आणि हात लावून दाखवायचं. सतरंजीवर सूप, विळा, दोरी, तांब्या, काडेपेटी, मक्याचं कणीस असं मांडून ठेवलेलं असायचं, मावशी दोन वस्तूंची नावं सांगणार, मग उलटसुलट विचारणार, आपण बरोबर वस्तूला हात लावायचा, जमलं की तिसरी, मग चौथी, असं करत करत बारा वस्तू एका बैठकीत. चुकलं तर मावशी रागवत नाहीत, परत तोच शब्द तेवढ्याच शांतपणे म्हणतात. शेवटी तेच सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्यायचं आणि रात्री झोपायच्या आधी दोनदा ऐकायचं. ही पद्धत ग्रेग थॉमसन म्हणून एक भाषातज्ज्ञ आहेत त्यांची, त्यात एकूण दीड हजार तासांचा हिशोब आहे, पहिला टप्पा शंभर तासांचा आणि त्यातले सुरुवातीचे तीस असे गप्प बसायचे.

मी शिक्षिका, मला गप्प बसायची सवय नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, मी तांब्याचं नाव मोठ्याने म्हणून टाकलं, मावशींनी ओठावर बोट ठेवलं आणि परत पहिल्यापासून सुरू. तेव्हा मला हे सगळं बालिश वाटलं होतं, खरं सांगते, रात्री आईला फोन करून रडले पण की इथे काही शिकवतच नाहीत. आई म्हणाली तू पण दीड वर्षाची होईपर्यंत काही बोलली नव्हतीस, नुसती टुकूटुकू बघायचीस. चौथ्या आठवड्यात बोलायला परवानगी मिळाली आणि पहिल्याच दिवशी मेसमध्ये पाणी मागताना तोंडातून आपोआप "डा" निघालं, पाण्याला कोरकूत डा म्हणतात, आधी मराठीत विचार करून मग भाषांतर असं काही झालंच नाही. ज्यांनी व्याकरणाचं पुस्तक पाठ करून एखादी भाषा शिकायचा प्रयत्न केलाय त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. मावशी चित्रं दाखवून गोष्ट सांगायच्या आणि सारखं "आले" म्हणायच्या, मला वाटायचं कोणीतरी आलं, मी चित्रात शोधतेय कोण आलं ते. दोन दिवसांनी उलगडलं, कोरकूत आले म्हणजे आम्ही, तुम्हाला सोडून आम्ही. आणि समोरच्याला धरून म्हणायचं असेल तर आबुंग. म्हणजे आपल्या आम्ही आणि आपण सारखंच की! हिंदीवाल्या पोरांना हे समजायला आठवडा लागला, त्यांच्याकडे सगळ्याला हमच, आम्हा मराठी मुलींना एका मिनिटात कळलं. वर त्यांच्यात दोघांसाठी वेगळं रूप आहे, संस्कृतमधल्या द्विवचनासारखं, त्यात मी अजून चुकते. पाचव्या आठवड्यात एकदा तास संपल्यावर मावशी जेवायला उठल्या आणि आमच्याकडे बघून आबुंग म्हणाल्या. आम्ही चौघंपण एकमेकांकडे बघायला लागलो.

व्याकरण सहाव्या आठवड्यानंतर. लायब्ररीत जॉन ड्रेक या मिशनऱ्याने १९०३ साली छापलेल्या कोरकू व्याकरणाची झेरॉक्स आहे, ती आधी मागितली तरी देत नाहीत. आधी चिडले होते, नंतर वाचताना पटलं, कारण जे कानात बसलेलं होतं त्याचे नियम तिथे दिसत होते, कुठे पाठ करावं लागलं नाही. झेरॉक्स मात्र फार फिकी आहे, काही पानांवर अर्धी ओळच गायब, ती नवीन करून घ्यायला हवी.

आता शिकवण्याचा भाग. हा दुपारचा, रोज दीड तास, आणि इथेच माझा एक स्टार गेला. यात दोन गोष्टी आहेत, अक्षरओळख आणि वचनातली, म्हणजे बायबलमधली गोष्ट सांगून त्यावर बोलणं.

अक्षरओळखीचे सर चांगले आहेत, त्यांनी पहिल्याच तासाला पाण्याच्या घागरीचं चित्र काढलं आणि विचारलं हे कुठल्या अक्षरासाठी. आम्ही सगळ्यांनी प म्हणून सांगितलं, प पाण्याचा. सर म्हणाले कोरकू मुलगी हे चित्र बघून डा म्हणणार, तिच्यासाठी हे चित्र ड चं आहे. मी दोन वर्षं शाळेत तक्ते लावलेत, चार्ट रंगवलेत, पण चित्र एकच आणि अक्षर वेगळं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लिपी देवनागरीच असली तरी मराठीचा तक्ता तिकडे जशाच्या तसा लावता येत नाही, आधी तिच्या भाषेतले शब्द गोळा करायचे, त्यातून अक्षरं काढायची, आणि मराठी त्याच्यानंतर. एवढ्या एका तासासाठी पण कोर्स करावा असं मला वाटतं.

पण सराव कोणावर? एकमेकांवरच! आमच्यातलीच एक जण गावातली बाई व्हायची, दुसरी तिला शिकवायची. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगायचा सराव होता, आता ती गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकतोय, ऐकणारीला पुढचं वाक्य पाठ, प्रश्न पण तिने तेच विचारायचे ज्याचं उत्तर वहीत लिहिलेलं आहे. सकाळी खऱ्या मावशींसमोर बसून खरी भाषा शिकायची आणि दुपारी खोट्या गावकरणीला शिकवायचं, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

बारा आठवड्यांत फक्त दोन दिवस खरं शिकवायला नेलं, जवळच्या वीटभट्टीवर. मेळघाटातून कामाला आलेली कुटुंबं होती. माझ्यासमोर साधारण माझ्याच वयाची एक बाई बसली, कडेवर लेकरू, हाताला ओली माती तशीच. मी माझं पान उघडलं, सोप्या अक्षरांपासून सुरुवात करायची म्हणून, तिने ते बघितलं, मग कमरेचा मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. मला तेव्हा जेवढी कोरकू येत होती तेवढीत आणि तिच्या मोडक्या हिंदीत कळलं ते असं, की फोन वाजला की तो आईचा आहे का मुकादमाचा हे तिला बघून ओळखायचंय, मुकादमाचा असेल तर नवऱ्याला द्यायचा असतो आणि आईचा असला तरी ओळखता येत नाही म्हणून नवऱ्याने उचलेपर्यंत कट होतो.

मी पान बंद केलं. तिच्या आईचं नाव पाटीवर मोठं लिहिलं, तीन अक्षरं होती, तिने बोटाने पाच-सहा वेळा गिरवलं, मग मोबाईलवर तेच नाव शोधायला लावलं. तिसऱ्या वेळी तिला सापडलं. तिने लगेच फोन लावला आणि आईशी बोलत बोलत उठून गेली, मी तिथेच पाटी घेऊन बसलेली. दोन वर्षं मी शिकवलं पण मला शिकणाऱ्याला काय हवंय हे आधी विचारायचं असतं हे त्या दिवशी समजलं. असे दोन नाही, वीस दिवस हवेत. भट्टी दोन किलोमीटरवर आहे, दर शुक्रवारी दुपारी नेलं तरी बारा दिवस होतात. मी फीडबॅक फॉर्मवर लिहिलंय, संचालक सरांना समक्ष पण बोलले, ते म्हणाले भट्टीमालकाची परवानगी काढणं अवघड जातं, ते खरं असेल, पण प्रयत्न करा सर प्लीज.

आमच्या नगरला आजी नेहमी सांगायची की सावित्रीबाई फुल्यांनी सुद्धा शिक्षिकेचं ट्रेनिंग नगरला फरारबाईंकडे घेतलं होतं. सिंथिया फरार १८२७ ला अमेरिकेहून मुंबईत उतरल्या, नंतर नगरला आल्या आणि मुलींच्या शाळा चालवत शेवटपर्यंत इथेच राहिल्या, १८६२ ला नगरलाच वारल्या. त्यांना कोणी मराठी शिकवली असेल, कोणत्या मावशी असतील, असं मला या बारा आठवड्यांत खूपदा वाटायचं.

अजून एक चांगली गोष्ट राहिली. तिसऱ्या आठवड्यात एक पूर्ण दिवस फक्त यावर होता की गावात कसं राहायचं. पैसे, औषध, पोराची ॲडमिशन यातल्या कशाच्याही बदल्यात कुणाला प्रार्थनेला बसवायचं नाही, कोणाच्या देवाला नावं ठेवायची नाहीत, गावातल्या मोठ्या माणसांना भेटल्याशिवाय काही सुरू करायचं नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगितलं आणि सही घेतली. मला याचा खूप आधार वाटला, माझ्या पप्पांना पण.

राहण्याचं ठीक. मुलींच्या खोलीत चौघी, पाणी सकाळी दोन तास, जेवणात वांगं फार, रविवारी चिकन. डिसेंबरच्या बॅचला जाणार असाल तर जाड ब्लँकेट घरून न्या. फी अर्धी आमच्या मंडळीने भरली, अर्धी मी साठवलेल्या पगारातून, आणि ते पैसे वाया गेले असं एकदाही वाटलं नाही.

ज्या मुली विचारतायत त्यांना एवढंच, की बारा आठवड्यांत भाषा येत नाही. माझे एकशेवीस तास झालेत, दीड हजारातले. आठवड्याला दहा तास धरले तर अजून जवळजवळ पावणेतीन वर्षं लागतील, आणि ती तिकडे कोणाच्या तरी ओट्यावर बसूनच करायची आहेत. मावशींनी धारणीजवळच्या त्यांच्या बहिणीचा नंबर दिलाय, परवा लावला, पलीकडून भराभर काहीतरी बोलल्या, मला निम्मं कळलं, त्यात आबुंग होतं.