43 इंची पांढरी छत्री फ्लॅशवर – लग्नाचा पूर्ण सीझन वापरल्यावर

जळगाव, भुसावळ, चोपडा या पट्ट्यात लग्नं-हळदी-साखरपुड्यांचे फोटो काढतो. गोडॉक्स कंपनीचे टीटी600 आणि एडी200 हे दोन फ्लॅश आहेत, त्यांचा उजेड मऊ करायला दिवाळीपासून फोटोग्राफीच्या छत्र्याच वापरतोय. छत्री कोणती घेऊ भो, हे इतके जण विचारतात की एकदाच लिहून टाकतो. 43 इंची, पांढरी, मागचं काळं कव्हर निघणारी घ्या. सिल्व्हर, म्हणजे आतून चंदेरी असलेली, आपल्याकडच्या कामाला नको.

सिल्व्हरमधून उजेड जास्त येतो हे खरंय पण तो कडक असतो, आणि मे महिन्यात पारा 44-45 ला टेकलेला, मांडवात नवरीच्या कपाळावर घाम, त्यावर हळद अन् तेल, मग असं काही चमकतं की एडिटिंगला बसल्यावर प्रत्येक फोटोत कपाळ पुसत बसावं लागतं. पांढरीत हा त्रास बराच कमी.

काळं कव्हर कशाला, तर त्याने एकाच छत्रीच्या दोन होतात. कव्हर काढलं की फ्लॅश कापडातून आरपार मारायचा, लावलं की आत मारून परत आणायचा. आरपार मारताना निम्मा-अर्धा उजेड मागे उलटून खोलीभर पसरतो, भिंती पांढऱ्या असतील तर तो फुकटचा फिल, म्हणजे सावलीत भरणारा उजेड, मिळतो, सावल्या हलक्या होतात. पण आपल्याकडे घरं कशी, एक खोली पोपटी, दुसरी गुलाबी, अन् मांडवाचं कापड लाल-पिवळं. तोच उजेड तिथे आपटून रंग घेऊन चेहऱ्यावर येतो. व्हाइट बॅलन्सने, म्हणजे पूर्ण फोटोचा रंग एकदम सुधारणाऱ्या सेटिंगने, तो निघत नाही, कारण एक गाल हिरवट अन् दुसरा बरोबर असतो. कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाला, एका घरी नैवेद्याच्या रोटांचे फोटो काढायचे होते, खोली छोटी, भिंती गडद हिरव्या, तिथे कव्हर लावूनच काम झालं.

आरपारचा दुसरा फायदा म्हणजे छत्री अगदी तोंडाजवळ नेता येते, दांडा अन् फ्लॅश मागच्या बाजूला राहतात. कव्हर लावून उलटी लावली की दांडाच माणसाकडे येतो, फार जवळ जमत नाही. आणि जवळ नेणं हाच तर खरा खेळ आहे. सावली मऊ पडते ती छत्री माणसाच्या मानाने किती मोठी दिसते त्यावर. 33 इंची तीन फुटांवर ठेवा, 60 इंची दहा फुटांवर ठेवा, 33 वालीचीच सावली मऊ येईल. बाय द वे, पाकिटावरचं 43 हे माप बहुतेक वेळा कापडाच्या गोलाईवरून घेतलेलं असतं, उघडून सरळ आरपार टेप लावला तर कमी भरतं, दुकानदाराशी भांडू नका.

पॉवरचं काय. छत्रीत साधारण एक ते दोन स्टॉप जातात, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. टीटी600 चा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, 60 सांगतात तो 200 एमएम झूमवरचा, उजेड अरुंद झोतात गोळा केल्यावरचा, छत्रीत तर फ्लॅश 24 ते 35 वर आणावा लागतो, नाहीतर कापडाच्या मधोमध एक गोळा पेटतो आणि कडा अंधारात, म्हणजे मोठ्या छत्रीचे पैसे पाण्यात. त्यामुळे भर दुपारी उन्हात एकट्या टीटी600 ने छत्रीतून सूर्याशी टक्कर घ्यायला जाऊ नका. 200 वॉट-सेकंदांचा एडी200 अन् छत्री जवळ असेल तर जमतं. मी तर सरळ सावली शोधतो किंवा ऊन उतरायची वाट बघतो.

ग्रुप फोटोला मात्र जवळचं गणित उलटं पडतं. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, म्हणून छत्री जवळ असली की पुढच्या रांगेतले काका पांढरेफटक आणि मागचे भाचे काळे. स्टँड मागे न्यायचा, उंच करायचा, पॉवर वाढवायची, म्हणजे दोन्ही रांगा सारख्या दिसतात. पंचवीस-तीस जणांचं काम रोजचं असेल तर 60 इंची वेगळी घ्या. चष्मेवाले असतील तर छत्री अजून वर अन् बाजूला सरकवा, नाहीतर चष्म्याच्या काचेत पांढरा गोल बसतो.

आता वारं. मे-जूनची संध्याकाळची वावटळ आपल्याला काही नवीन नाही, केळीच्या बागा आडव्या करते ती. छत्रीचं शीड होतं अन् फ्लॅशसकट स्टँड खाली. साध्या हलक्या स्टँडवर बाहेर लावूच नका, पायाला रेती भरलेली पिशवी बांधा, आणि एक पोऱ्या फक्त दांडा धरायला ठेवा. एका हळदीला तिथल्या आजी म्हणे, ‘पानी नही, पाऊस नही, छत्री कसाले रे भो?’ पोऱ्याला हसू आवरेना पण त्याने स्टँड सोडला नाही.

किंमत म्हणाल तर ही छत्री हजाराच्या आत-बाहेर मिळते, सॉफ्टबॉक्सपेक्षा, म्हणजे फ्लॅशपुढे लावायच्या कापडी पेटीपेक्षा, स्वस्त अन् उघडायला सोपी. सॉफ्टबॉक्समध्ये उजेड जास्त ताब्यात राहतो हे मान्य, पण वरात दारात आली असताना तो जोडत कोण बसेल.

घेताना काड्या फायबरच्या बघा, स्टीलच्या एकदा वाकल्या की वाकल्या. दांडा ब्रॅकेटच्या, म्हणजे स्टँडवर फ्लॅश अन् छत्री धरणाऱ्या पकडीच्या, भोकात ढिला बसत असेल तर टेपचे दोन वेढे द्या, स्क्रू जीव खाऊन आवळला की पातळ दांडा चेपतो. माझ्या छत्रीचं कापड दोन काड्यांच्या टोकाला सुटलं होतं, ते पावसाळ्याआधी चौकात बसणाऱ्या छत्री दुरुस्तीवाल्याने शिवून दिलं, मूठ कुठे हरवली म्हणून विचारत होता.