खिडक्या बदलायच्या आहेत? आधी खोलीची दिशा बघा

नव्या खिडक्या बसवल्या की घर गार होतं, असं सगळे विक्रेते सांगतात. मुंबईत हे अर्धंच खरं आहे. इथला एप्रिल-मे ३३-३४ अंशांचाच असतो, पण दमट. अंगावर वारा आला तरच घाम वाळतो. म्हणून एसी नसलेल्या खोलीत आधी विचारा, खिडकी उघडते किती?

दोन पल्ल्यांची अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग कितीही सरकवा, निम्मीच उघडणार. तीन पल्ल्यांची दोन-तृतीयांश. बिजागरीची मात्र जवळजवळ पूर्ण. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’मध्ये, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, तिचं ९० टक्के क्षेत्र उघडं धरलंय. म्हणजे चार बाय चारच्या स्लायडिंगमधून आठ चौरस फूट वारा, बिजागरीच्या खिडकीतून चौदाच्या वर. अडचण ग्रिलची. ती भिंतीच्या रेषेत असेल तर पल्ला बाहेर जात नाही, आणि आत उघडला तर पलंग आडवा येतो. तिथे तीन पल्ल्यांची स्लायडिंग घ्यावी.

दिवसभर एसी चालत असेल, तरच डबल काचेचा विचार करा. बाहेर ३४, आत २६ असताना साध्या एकेरी काचेतून दर चौरस मीटरला साधारण ४५ वॉट उष्णता आत येते. डबल काच ती निम्म्यावर आणते. पण पश्चिमेच्या खिडकीवर दुपारचं ऊन पडलं की तेवढ्याच जागेवर काहीशे वॉट आदळतात, आणि साधी पारदर्शक डबल काच त्यातले बरेचसे आत सोडते. तिथे ऊन परतवणारी, सोलर कंट्रोल काचच हवी. कोटेशनमध्ये एसएचजीसी किती, म्हणजे उन्हातल्या उष्णतेचा किती भाग काच आत सोडते, ते लिहून घ्या. साध्या काचेचा ०.८ च्या आसपास असतो, ०.३ मिळाला तर उत्तम.

माझं स्पष्ट मत: गिरगाव-दादरकडे सागवानी, झडपांच्या खिडक्या अजून धड असतील तर त्या काढूच नका. झडपा ऊन अडवतात आणि वारा येऊ देतात. हे काम एकही स्लायडिंग करत नाही. बिजागऱ्या बदला, पॉलिश करा आणि पश्चिमेला बाहेरून बांबूची चिक सोडा. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर तापतो, चिक ते बाहेरच थांबवते. छज्जा दक्षिणेला पुरतो, पण पश्चिमेचं कलतं ऊन त्याच्या खालून शिरतं.

चौकट यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) असो वा अ‍ॅल्युमिनियम, कड्या-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच मागा. खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं. ट्रॅकला पाणी जायची भोकं आहेत ना, तेही बघा. सोसायटीची परवानगी वेळेत घ्या आणि काम मे संपायच्या आत उरका.