दहा बटणे आणि एकच भांडे: मल्टीकुकरचा वापरानंतरचा अनुभव

इलेक्ट्रिक मल्टीकुकर घ्यावा, की प्रेशर कुकर, राइस कुकर, वाफवण्याचे भांडे आणि दही लावण्याचे यंत्र अशी एकेका कामाची उपकरणे वेगवेगळी घ्यावीत, हा प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या घरी निघाला आणि आम्ही सहा लिटरचा, एक हजार वॉटचा मल्टीकुकर घेतला. साताऱ्यातली थंडी, वळवाच्या पावसातली विजेची ये-जा आणि आता पावसाळा एवढे सगळे त्या यंत्राने आमच्या ओट्यावर पाहिले आहे. घरात सासूबाई, नोकरी करणारे आम्ही दोघे आणि शाळकरी मुलगा अशी चार माणसे असून सकाळी साडेआठच्या आत तीन डबे भरावे लागतात. हा तपशील सुरुवातीलाच देण्याचे कारण असे की, जे यंत्र एका घरात रोज लागते तेच दुसऱ्या घरात माळ्यावर जाऊन बसते, आणि त्यामागे बहुतेक वेळा घराच्या वेळापत्रकाचा प्रश्न असतो.

खोक्यावर छापलेल्या कामांच्या संख्येकडे प्रथम नीट पाहिले पाहिजे. भात, डाळ, कडधान्य, सूप, खिचडी, मांस अशी वेगवेगळी बटणे असली, तरी त्यांतली बहुतेक बटणे एकच काम करतात: ठरावीक दाब ठरावीक मिनिटे टिकवणे. फरक फक्त मिनिटांचा असतो. खरोखर वेगळी अशी कामे मोजली, तर दाबाखाली शिजवणे, वाफवणे, परतणे, मंद आचेवर तासन् तास शिजवणे, दह्यासाठी कोमट तापमान राखणे आणि शिजलेले गरम ठेवणे एवढीच उरतात. तळाशी तापणारी एक तबकडी, तापमान आणि दाब ओळखणारे संवेदक आणि या सर्वांवर देखरेख करणारा एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड, एवढीच आतली मांडणी आहे.

याउलट एका कामाच्या उपकरणाची रचना किती साधी असू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे राइस कुकर. तोशिबा कंपनीने १९५५ साली जपानमध्ये स्वयंचलित राइस कुकर बाजारात आणला, आणि आजच्या साध्या राइस कुकरमागचे तत्त्व असे की भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. पाणी तांदळात मुरून संपले की ते चढू लागते आणि त्याच क्षणी खटका पडून वीज तुटते. त्यात बोर्ड नाही, पडदा नाही, बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. मल्टीकुकरची आजची लाट २०१० साली कॅनडात आलेल्या इन्स्टंट पॉटपासून सुरू झाली, आणि आमचे यंत्र त्याच कुळातले, दुसऱ्या कंपनीचे आहे. त्यात दाबाखाली भात शिजवताना सगळी भिस्त मिनिटांवर आणि आपण मोजून घातलेल्या पाण्यावर असते. नवा इंद्रायणी तांदूळ आणि वर्षभर जुना कोलम यांना एकच माप लावले, तर पहिल्याचा लगदा होतो. माप एकदा बसले की भात चांगला होतो, यात शंका नाही. परंतु वाण्याने तांदूळ बदलला की सगळे पुन्हा जुळवावे लागते.

वेळेच्या बाबतीत जाहिरात आणि अनुभव यांत सर्वांत मोठे अंतर पडते. पडद्यावर दहा मिनिटे दिसतात, ती दाब तयार झाल्यानंतरची असतात. निम्मे भांडे भरलेले असेल तर दाब चढायला दहा ते पंधरा मिनिटे जातात आणि दाब आपोआप उतरू दिला तर आणखी तेवढीच. शिवाय गॅसवरच्या आपल्या कुकरमध्ये दाब साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो, तर अशा बहुतेक विजेच्या कुकरांत तो त्याच्या पाऊण पटीच्या आसपास राहतो, त्यामुळे आतले तापमानही चार-पाच अंशांनी कमीच राहते. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच असल्याने इथे पाणी उघड्यावर ९७-९८ अंशांनाच उकळते आणि कुकरच्या आतल्या तापमानातही त्याचा थोडा वाटा असतो. समुद्रकाठच्या किंवा परदेशी पाककृतीत लिहिलेल्या मिनिटांमध्ये म्हणूनच तूरडाळीला, हरभऱ्याला थोडी भर घालावी लागते. ज्यांचे घर महाबळेश्वर-पाचगणीकडे आहे, त्यांनी ती आणखी सढळ हाताने घालावी.

आता मुख्य मुद्दा. आपला रोजचा स्वयंपाक एका भांड्याचा नसतो. गॅसवरच्या पाच लिटरच्या कुकरमध्ये खाली डाळ, मधल्या डब्यात भात आणि वर दोन बटाटे, शेजारच्या शेगडीवर तवा आणि तव्यावर पोळी, अशी सकाळची घडी पिढ्यान् पिढ्या बसलेली आहे. मल्टीकुकरमध्येही डबे रचता येतात. पण भात आणि डाळ एका वेळेत शिजवून झाल्यावर त्याच भांड्यात आमटीची फोडणी करायची, तर आधी गरम डबे बाहेर काढून, तळातले पाणी ओतून, भांडे पुसून ते पुन्हा तापवावे लागते. तेवढ्या वेळात गॅसवर आमटीला उकळीही फुटलेली असते. ज्या यंत्राची दहा कामे एकाच भांड्यात होतात, ते एका वेळी एकच काम करू शकते, आणि सकाळी साडेसात वाजता मला एकाच वेळी तीन कामे हवी असतात. आमच्या घरी पहिल्याच महिन्यात सकाळच्या पाळीतून मल्टीकुकर बाहेर पडला आणि जुना कुकर आपल्या जागी परत आला. सासूबाईंनी तो आवरून ठेवायला मुळात नकारच दिला होता, हे इथे नोंदवणे न्यायाचे होईल.

तरीही हे यंत्र विकून टाकावे, असे मला वाटले नाही, कारण लक्ष न देता दीर्घकाळ चालणाऱ्या कामांत त्याची बरोबरी गॅसला करता येत नाही. आमच्याकडे कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा वर्षभर असतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तो राजम्याच्याच जातीचा. रात्री भिजवलेला घेवडा कार्यालयातून आल्यावर यंत्रात घालावा, मिनिटे लावावीत आणि मुलाच्या अभ्यासाकडे किंवा दारात आलेल्या माणसाकडे निर्धास्तपणे वळावे. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, गॅस बारीक करायला धावायचे नाही. दाणा अखंड राहूनही आतून लोण्यासारखा शिजतो. परंतु हा घेवडा किंवा राजमा ‘स्लो कुक’च्या बटणावर कच्चा कधीही लावू नये. त्यात लेक्टिन वर्गातले एक नैसर्गिक विषारी द्रव्य असते, ते भिजवलेले पाणी टाकून देऊन आणि नंतर किमान दहा मिनिटे खळखळून उकळल्यावरच निष्प्रभ होते. मंद आचेच्या ८० अंशांच्या आसपास ते टिकून राहते आणि अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी उलट्या-जुलाब होऊ शकतात. प्रेशर कुकिंगमध्ये ही भीती नाही. आमच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मात्र स्लो कुकखाली कडधान्ये असे सरसकट छापले आहे, ते मला बेजबाबदारपणाचे वाटते.

दुसरा पदार्थ खपली गव्हाच्या खिरीचा. सडलेले गहू रात्रभर भिजवून गॅसवर शिजवायचे म्हणजे अर्धा दिवस ओट्यापाशी उभे राहणे आले. मल्टीकुकरमध्ये भरपूर पाणी घालून पाऊण तास दाबाखाली ठेवले आणि दाब आपोआप उतरू दिला की गहू फुलून मऊ होतात. मग गूळ, ओले खोबरे, वेलदोडा आणि जायफळ घालून परतण्याच्या बटणावर खीर आटवता येते. दूध घालायचे असेल तर खीर कोमट झाल्यावरच घालावे, अन्यथा गुळाने ते फाटते. हे यंत्राला कळत नाही, सासूबाईंना कळते. पुरणासाठी हरभरा डाळही यात उत्तम शिजते, आणि कट बाहेर उडून शेगडी चिकट होत नाही, हा लहानसा पण मोठ्या समाधानाचा फायदा आहे.

दह्याविषयी माझे मत पूर्ण बदलले. दही लावण्यासाठी वीज जाळणे मला चैनीचे वाटत होते. पण डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री चांगलाच गारठा पडतो, आणि विरजण कितीही चांगले असले तरी सकाळी पातळ दूधच हाती येते. विरजणातले जिवाणू ४० ते ४३ अंशांच्या दरम्यान नीट वाढतात आणि यंत्र नेमके तेवढेच तापमान रात्रभर सांभाळते. विजेचा खर्चही नगण्य, कारण तबकडी अधूनमधूनच तापते. उन्हाळ्यात मात्र त्याची काही गरज नाही. ज्यांना वर्षातले तीन महिनेच ही अडचण येते, त्यांनी केवळ दह्यासाठी वेगळे यंत्र घेऊन कपाटाची जागा अडवू नये, आणि इथे बहुउद्देशी यंत्राची बाजू वरचढ ठरते.

परतण्याचे काम सर्वांत निराशाजनक. भांडे उंच आणि अरुंद असल्याने कांदा खरपूस होण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत उकडतो, आणि मोहरी तडतडायला लागणारी एकदम तीव्र आच मिळत नाही. मसाला तळाला जरासा चिकटलेला राहिला आणि त्यावरच झाकण लावले, तर यंत्र जळाल्याची सूचना देऊन थांबते. दाट रश्श्याचे, टोमॅटोच्या वाटणाचे पदार्थ म्हणूनच नेहमी अडखळतात. थोडे पाणी घालून तळ उलथन्याने खरवडून घेतला की अडचण टळते. पिठले यात करू नये. वाफवण्याबद्दल तक्रार नाही: अळूवड्या, ढोकळा, मोदक व्यवस्थित होतात, फक्त मोदक एका वेळी थोडेच मावतात, आणि गणपतीत आम्हाला मोदकपात्रच काढावे लागते.

झाकणातली सिलिकॉनची रिंग वास धरते. मटणाचा रस्सा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यातच खीर केली, तर वेलदोड्याआड लसूण डोकावतो. दोन रिंगा ठेवाव्यात, एक तिखटासाठी आणि एक गोडासाठी.

खर्चाचा हिशेब लोक फार ढोबळ करतात. घरगुती सिलिंडरमधल्या १४.२ किलो वायूत साधारण १८० युनिट विजेइतकी ऊर्जा असते, त्यातला फार तर दोन तृतीयांश भाग भांड्यात उतरतो आणि बाकीचा भांड्याच्या कडेने निघून जातो. सिलिंडरच्या किमतीला ११०-१२० ने भागले की भांड्यात पडलेल्या एका युनिटाचा भाव कळतो, आणि तो आपल्या वीजबिलातल्या वरच्या टप्प्याच्या दराशी ताडून पाहावा. महावितरणच्या बिलात शंभर युनिटनंतर दर एकदम वाढतो, त्यामुळे ज्यांचा वापर मुळातच त्यापलीकडे आहे, त्यांना पडणारे प्रत्येक नवे युनिट महाग असते. मात्र दाब चढल्यावर मल्टीकुकर फार कमी वीज घेतो, आणि हरभऱ्यासारख्या दीर्घ पदार्थालाही अर्ध्या युनिटाच्या आतच भागते. आमच्या घरी पैशांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सिलिंडर थोडा जास्त दिवस पुरतो आणि बिल थोडे वाढते. सॉकेटचा विचार मात्र जरूर करावा. एक हजार वॉटचे यंत्र साधारण साडेचार अँपिअर घेते, म्हणजे सहा अँपिअरच्या सॉकेटवर ते एकटे चालते. त्याच बोर्डावर सातशे वॉटचा राइस कुकर जोडला की मर्यादा ओलांडली जाते. वेगवेगळी उपकरणे घेणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट सहसा नसते.

दुरुस्तीच्या प्रश्नावर माझे मत सर्वांत ठाम आहे. उन्हाळ्यात विजेचा दाब वर-खाली होत असताना एके दिवशी यंत्राची बटणे दाबली जाईनात. कंपनीचे सेवा केंद्र पुण्यात. बोर्ड मागवावा लागेल असे कळले आणि तो यायला कित्येक आठवडे लागले. हमीची मुदत असल्याने पैसे पडले नाहीत, पण त्या काळात दही, कडधान्य, वाफवणे, सगळेच एकदम बंद होते. जुन्या कुकरची रिंग, शिट्टी किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला, तर मोती चौकाच्या बाजूला भांड्यांच्या दुकानात तो भाग उभ्या-उभ्या मिळतो. मल्टीकुकर घेणाऱ्याने म्हणून दुकानदाराला कामांच्या संख्येआधी दोन प्रश्न विचारावेत: सेवा केंद्र जिल्ह्यात आहे का, आणि आतले भांडे व रिंग सुटी मिळते का. गॅसवरचा कुकर घेताना त्यावर आयएस २३४७ या भारतीय मानकाचे चिन्ह असल्याची खात्री करावी. ते २०२१ पासून सक्तीचे आहे, तरीही आठवडी बाजारात बिनचिन्हाचे कुकर अजून दिसतात.

कोणासाठी काय योग्य, हे आता मला बऱ्यापैकी स्पष्ट दिसते. पुण्यात एका खोलीत राहणारा, गॅसची जोडणी नसलेला विद्यार्थी किंवा एकटा नोकरदार यांनी मल्टीकुकर डोळे झाकून घ्यावा. त्यांना एका वेळी एकच पदार्थ हवा असतो आणि त्यासाठी याहून सोयीचे काही नाही. फक्त भातच करायचा असेल, तर साधा राइस कुकर निम्म्याहून कमी किमतीत येतो आणि अधिक वर्षे टिकतो. ज्या घरात सकाळी दोन शेगड्या एकदम पेटतात, तिथे गॅसवरचा कुकर पहिला आणि मल्टीकुकर दुसरा, तोही कडधान्ये, खीर आणि थंडीतले दही यांचा वापर खरोखर असेल तरच. स्लो कुकर आणि दही लावण्याचे यंत्र वेगळे घेण्याचे कारण मला आपल्याकडच्या स्वयंपाकात सापडलेले नाही. आमच्या यंत्राची हमी पुढच्या दिवाळीत संपते. त्यानंतर बोर्ड पुन्हा गेला, तर त्यावर पैसे न घालता मी तीन लिटरचा राइस कुकर घेईन आणि खपलीची खीर सुट्टीच्या दिवशी गॅसवरच शिजवीन. सासूबाईंनी त्यासाठीचे पितळी पातेले आताच कल्हई करून आणले आहे.