४० लिटरच्या टाकीत मँडरिन: ११ महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो. मासा जिवंत आहे, पोट गोल आहे, रंग झकास आहेत. तरीही हे वाचून कोणी मँडरिन आणायला निघालं तर मी त्याला दारातच अडवेन. माझं जमलं, पण ते टाकीमुळे जमलं नाही. रोजचा पाऊण तास मी त्यात ओतला म्हणून जमलं.

मँडरिन ड्रॅगनेट, शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळांमध्ये राहणारा, बोटाएवढा मासा. त्याच्या अंगावरचा निळा हा खरोखर रंगद्रव्याचा निळा आहे. बहुतेक निळ्या माशांत तो प्रकाशाच्या खेळामुळे दिसतो, याच्या कातडीत मात्र निळं रंगद्रव्य असलेल्या पेशीच असतात. अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी जाड चिकट थर. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला सहसा लवकर धरत नाही. म्हणजे रोगाने मरायची भीती कमी. हा मरतो तो उपासमारीने.

कारण हा मासा जेवत नाही, चरतो. दगडावरून रांगत जातो, थांबतो, डोळे फिरवतो, एक टोच मारतो, पुढे सरकतो. एकदा घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला ११ टोचा भरल्या, आणि हे दिवे लागल्यापासून मालवेपर्यंत. तो टिपतो ते कोपेपॉड, म्हणजे दगडांच्या खाचांत राहणारे मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान कवचधारी जीव. म्हणूनच जाणकार त्याच्यासाठी दोनशे-तीनशे लिटरची, भरपूर लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले सच्छिद्र दगड) असलेली, जुनी मुरलेली टाकी सांगतात. माझी ४० लिटरची, मागच्या कप्प्यासकट.

मी अगदीच डोळे मिटून उडी मारली नव्हती. मासा आणण्याआधी तीन महिने टाकी माशाशिवाय चालवली. मागच्या कप्प्यात कीटोमॉर्फा शेवाळाचा गुंता आणि त्यावर रात्रभर छोटा दिवा. टिस्बे जातीचे पॉड्स (म्हणजे कोपेपॉडच) तीनदा सोडले. टिग्रिओपस जातीचे पॉड्स मोठे आणि लालसर असतात, पाण्यात तरंगत फिरतात म्हणून आपल्यालाही दिसतात, आणि म्हणूनच माशालाही दिसतात. ते चार दिवसांत संपतात. टिस्बे खाचांत लपतात, त्यामुळे थोडे तरी मागे उरतात. तिसऱ्या महिन्यात रात्री टॉर्च मारला की काचेवर पॉड्सच्या पांढऱ्या ठिपक्यांची जत्रा दिसायची. मला वाटलं, झाली तयारी.

ती जत्रा मासा आल्यावर १९ दिवसांत उठली. अक्षरशः एकही ठिपका नाही. मागच्या कप्प्यातून पॉड्स येत होते, पण त्यांची पैदास आणि याची भूक यांचा मेळच बसत नव्हता. पाचव्या आठवड्यात वरून पाहिलं तर डोक्यामागचा भाग खोलगट दिसायला लागला होता आणि पोटाला चिमटा बसला होता. बाजूने पाहिलं तर मात्र तोच तो देखणा मासा. म्हणून नेहमी वरून पाहा. बाजूने तो शेवटच्या दिवसापर्यंत सुंदरच दिसतो.

दुकानात मला सांगितलं होतं की हा फ्रोझन, म्हणजे गोठवलेलं अन्न खातो. खात नव्हता. फ्रोझन सायक्लॉप्स (हेही कोपेपॉडच) त्याच्या नाकासमोरून वाहत गेले तरी तो ढिम्म. हलणारं नाही ते त्याच्या लेखी अन्नच नाही. तेव्हा पहिला नियम: दुकानदाराला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. खाल्लं तरच पिशवी बांधा. टाकीत पैदास केलेला मिळत असेल तर तोच घ्या, त्याला तयार अन्नाची सवय लागलेली असण्याची शक्यता जास्त.

मग सुरू झाली बरणी. काचेची छोटी, रुंद तोंडाची बरणी वाळूवर आडवी ठेवली. दिवसातून तीनदा सगळे पंप बंद करायचे, पिपेटने नुकती उबवलेली बेबी ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारख्या बारीक जीवाची जिवंत पिल्लं) बरणीत सोडायची आणि हात बांधून बसायचं. पहिले चार दिवस तो बरणीकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी चुकून तोंडाशी आला, आत काहीतरी वळवळतंय असं दिसलं आणि तिथेच बसला. पुढे जिवंत ब्राइनमध्ये चिमूटभर सायक्लॉप्स मिसळायला लागलो, दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत. फ्रोझन उचलायला त्याला पाच आठवडे लागले. माशांची बारीक अंडी तर आठवडाभरात आवडली. मिसिस श्रिम्प (कोळंबीसारखाच, पण मोठा जीव) बारीक चिरून दिली तरी आजही थुंकतो.

ब्राइनबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. अंडी २७-२८ अंश तापमानाला साधारण २४ तासांत फुटतात, आणि नुकत्याच निघालेल्या पिल्लात बलकाची शिदोरी असते. काही तासांत ती आटत जाते. मी सकाळी काढलेली पिल्लं रात्री घालत होतो, म्हणजे माशाला टरफलं चारत होतो. आता एक तर ताबडतोब घालतो, नाहीतर गाळून फ्रिजमध्ये ठेवतो. उरलेली दुसऱ्या दिवशी तोंड फुटल्यावर पोषक द्रावणात ठेवून मगच वापरतो. आणि अंडी उबवायच्या दोन बाटल्या बारा तासांच्या अंतराने लावतो. घरातल्यांच्या मते हा मासा पाळणं नाही, कोळंबीची शेती आहे. मला उत्तर सुचलेलं नाही.

पॉड्सची वेगळी बादलीही ठेवली आहे, ५ लिटरची. हळुवार हवा आणि पाणी फिकट हिरवं राहील इतकंच फायटो, म्हणजे पॉड्सचं खाद्य असलेलं सूक्ष्म शेवाळ. नुसतं नॅनोक्लोरोप्सिस जातीचं फायटो घालत होतो तेव्हा बादली चालायची, पण रखडत. आयसोक्रायसिस ही दुसरी जात जोडीला दिल्यावर फरक पडला. एकदा रोटिफर (फायटोच खाणारे दुसरे सूक्ष्म जीव) शिरले आणि दोन आठवड्यांत पॉड्स जवळजवळ संपले. तेव्हापासून बादल्या दोन, आणि दोन्हींच्या पिपेट वेगळ्या.

एवढं अन्न ४० लिटरमध्ये घातल्यावर पाण्याचं जे व्हायचं ते झालं. पाचव्या महिन्यात नायट्रेट (उरलेलं अन्न कुजून साठणारं द्रव्य) ४० पीपीएमच्या पुढे, दगडांवर केसाळ शेवाळ, वाळूवर लाल सायनोची (सायनोबॅक्टेरियाची) साय. दोष माझाच. मी बरणी सोडून टाकीभर अन्न उधळायला लागलो होतो. आता फक्त बरणीत, १५ मिनिटांनी उरलेलं पिपेटने ओढून बाहेर, आणि आठवड्यातून दोनदा ५-५ लिटर पाणी बदल. तीन नॅसेरियस गोगलगायी वाळूतून सोंडा काढून बरणीकडे धावतात, त्यांची मदत मोठी. नायट्रेट आता १० च्या आसपास असतं.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यात. बाष्पीभवनाची भर आपोआप घालणारं उपकरण नसेल तर इतक्या छोट्या टाकीच्या वाटेला जाऊ नका. दोन दिवसांत पाण्याचा खारेपणा हजारी ३५ वरून ३७ वर गेलेला मी पाहिला आहे. जाळीचं झाकण हवंच. दिवा कसाही चालतो.

दुसरा मासा? नको. सुरुवातीला एक पिवळा क्लाऊन गोबी होता, दिसायला गरीब. तोही पॉड्स टिपायचा आणि बरणीत सगळ्यात आधी हजर. त्याला मित्राच्या टाकीत पाठवला.

सगळ्यात कठीण गेलं ते सहा दिवसांचं बाहेर जाणं. मित्राला सगळं लिहून दिलं होतं. त्याची एक बाटली उबवलीच नाही, फ्रोझन घातलं पण पंप बंद करायचा विसरला, अन्न सगळं फिल्टरमध्ये. परत आलो तर माशाची पाठ पुन्हा खोलगट. भरून यायला तीन आठवडे लागले. त्याची चूक म्हणवत नाही, कारण मलाही हे शिकायला तीन महिने लागले होते. तेव्हापासून दोन रात्रींहून जास्त बाहेर राहिलेलो नाही.

२०० लिटरची टाकी आता कोपऱ्यात रिकामी मुरते आहे. सहा महिन्यांआधी त्याला तिकडे हलवणार नाही. बरणी मात्र त्याच्यासोबत जाईल, कारण हल्ली तो रात्री झोपतोही तिच्यातच. सकाळी ती धुवायची असली की आधी त्याला पिपेटने विनवण्या करून बाहेर काढावं लागतं.