समृद्धी महामार्ग, कल्याण ते मेहकर : रस्त्याला साडेचार स्टार, बाकीच्याला दीड

आधी रस्त्याबद्दल बोलतो कारण रस्ता खरंच भारी आहे, ते न मानणं म्हणजे उगाच खुसपट काढणं. मी राहतो कल्याणला, गाव मेहकर तालुक्यात (बुलढाणा जिल्हा, लोणार सरोवराच्या बाजूचा पट्टा). पूर्वी गावी जायचं म्हणजे कसारा घाट, सिन्नर, मग संभाजीनगरच्या ट्रॅफिकमध्ये अडकायचं, मग जालना, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा असं करत करत अख्खा दिवस जायचा आणि दुसरा दिवस कंबर धरून बसण्यात. आता भिवंडीजवळ आमण्याला चढायचं आणि थेट मेहकरला उतरायचं, मध्ये सिग्नल नाही, गुरं नाहीत, वरात नाही. नागपूर-शिर्डी डिसेंबर 2022 ला सुरू झाला, मग भरवीर, मग इगतपुरी, आणि शेवटचा इगतपुरी-आमणे 76 किमीचा तुकडा 5 जून 2025 ला, म्हणजे आम्हा मुंबईकडच्यांना हे ताट हप्त्याहप्त्याने वाढलं. एकूण 701 किमी. इगतपुरीचा तो साधारण 8 किमीचा बोगदा लागतो ना, तो संपून बाहेर आलं की कसारा घाटात ट्रकच्या मागे फर्स्ट गिअरवर काढलेली सगळी वर्षं आठवतात आणि हसू येतं.

टोल कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे, हा एप्रिल 2025 पासूनचा रेट. आमणे ते नागपूर पूर्ण गेलात तर 1,445 रुपये, मला मेहकरपर्यंत साडेआठशेच्या आसपास पडतात. महाग आहे का, तर आहे, पण वाचणारा वेळ, डिझेल आणि कंबर धरली तर मी देतो बुवा, कुरकुर करत देतो. फक्त एक सांगा, आठ तासात मुंबई-नागपूर म्हणतात त्यातलं मुंबई कुठून मोजलं? कारण आमण्याला रस्ता संपतो आणि तिथून पुढे भिवंडी, माजिवडा वगैरे आहेतच, म्हणजे मेहकर ते आमणे जे कमावलं त्यातलं बरंचसं तुम्ही ठाण्यात परत देता. मी कल्याणला असल्यामुळे वाचतो.

सोयी मात्र रस्त्याच्या मानाने फारच मागे आहेत. एवढ्या लांब रस्त्यावर नीट बसून जेवायला आणि बायकांना निर्धास्त जाता येईल असं टॉयलेट मिळायला जी शोधाशोध करावी लागते ती लाजिरवाणी आहे. मागच्या वेळी एका पंपावर थांबलो (नाव घेत नाही), टॉयलेटला कडी नव्हती, आई आत आणि बायको बाहेर दार धरून उभी, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो पाणी येत नाही, टँकर यायचाय. सरळसोट काँक्रीट, दोन्ही बाजूला काही नाही, 120 ची लिमिट, डोळा लागायला अजून काय पाहिजे. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्सची बस पेटून 25 माणसं गेली ती आमच्याच टप्प्यात, त्या जागेजवळून जाताना अजूनही गाडीत सगळे गप्प होतात. अशा रस्त्यावर चहा आणि टॉयलेट ही चैन नाही, सेफ्टी आहे, हे कोणीतरी लिहून लावा.

आता दुसरा भाग, कारण नाव नुसतं महामार्ग नाहीये, समृद्धी महामार्ग आहे, तर समृद्धीचा पण रिव्ह्यू द्यायला पाहिजे.

हा रस्ता विकताना (हो, विकतानाच) सांगितलं होतं की रस्त्याच्या कडेने 18-20 कृषी समृद्धी नगरं होणार, गोदामं, कोल्ड स्टोरेज, प्रोसेसिंग, कापूस-सोयाबीन-संत्रा पिकवणाऱ्याला दारातच गिऱ्हाईक. आमच्या मेहकरकडेही नकाशात असा एक ठिपका होता. सुरुवातीला तर जमिनी पण आंध्रच्या अमरावतीसारख्या लँड पूलिंगने घ्यायच्या होत्या, म्हणजे वावर द्या आणि बदल्यात नव्या नगरात प्लॉट घ्या. शेतकऱ्यांनी ते ओळखलं आणि रोख मागितले, मग थेट खरेदी आली, पाचपट वगैरे, आणि मग सह्या भराभर झाल्या. आज मला वाटतं तीच या सगळ्या व्यवहारातली सगळ्यात शहाणी गोष्ट होती, प्लॉटच्या भरवशावर बसले असते तर अजून बसलेलेच असते. आमच्याकडे ज्यांची वावरं गेली त्यांनी घर बांधलं, बोलेरो घेतली, संभाजीनगरला फ्लॅट घेतला. चांगलंय, त्यांचा पैसा. पण फ्लॅट संभाजीनगरलाच का घेतला, मेहकरला का नाही, याचं उत्तर जो तो जाणतो.

उतरल्यावर मी मुद्दाम जुन्या रोडने थोडा मागे, सुलतानपूरच्या बाजूला जातो, तिथल्या एका ढाब्यावर लहानपणापासून शेवभाजी खाल्लीय. काकांना विचारलं धंदा कसा. म्हणे, "गाड्या साऱ्या वरतून जाऊन राह्यल्या भाऊ. खालून येतात ते टोल वाचवाले ट्रकवाले, ते चहा पेतात न जातात. जेवाले थांबे ते फॅमिलीवाले, ते आता मुंबईलेच जेवतात." सहापैकी चार टेबलं उचलून मागे टाकलीत, त्यावर कांद्याची पोती. शेवभाजी अजून तशीच, रस्सा तोंड भाजेल असा, पाच स्टार.

मग फायदा कोणाला होतोय, तर जालन्याला होतोय, संभाजीनगरला होतोय. पण जालन्यात स्टील आणि बियाण्यांच्या कंपन्या समृद्धीच्या कितीतरी आधीपासून आहेत. संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधून आली, जमीन, वीज, पाणी आधी तयार, म्हणून 2024 ला टोयोटा किर्लोस्कर आणि एथर तिकडे येणार अशी घोषणा झाली. जिथे आधीच भाकरी होती तिथे रस्त्याने तूप वाढलं, जिथे तवाच नाही तिथून नुसत्या गाड्या जातात. आमच्या मेहकरला रेल्वे नाही. खामगाव-जालना लाइनची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची आहे, तिचे सर्व्हे होतात, आणि प्रत्येक निवडणुकीला ती एकदा येऊन जाते, गाडी नाही, मागणी.

आणि राजकारण म्हणाल तर इथे कोणीच धुतल्या तांदळाचा नाही. 2016-17 ला याच रस्त्याला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने शिवसेना उभी होती, तेव्हा ती सरकारमध्येच होती हे विशेष, आणि या रस्त्याचं खातं तिच्याच एकनाथ शिंद्यांकडे. पुढे उद्धव ठाकरेंचं सरकार आलं आणि त्याच रस्त्याला बाळासाहेबांचं नाव लागलं. फडणवीसांनी उद्घाटनाआधी शिंद्यांना शेजारी बसवून स्वतः गाडी चालवत टेस्ट ड्राइव्ह केली. सगळ्यांचा फोटो आहे, सगळ्यांचं क्रेडिट आहे, फक्त त्या कृषी नगरांबरोबर फोटो काढायला कोणी येत नाही कारण फोटोत दाखवण्यासारखं आहे काय तिथे.

आमच्याकडे कट्ट्यावर लगेच निघतं की पश्चिम महाराष्ट्राने सगळं खाल्लं. काही अंशी खरं आहे, 1953 च्या नागपूर कराराने विदर्भाला योग्य वाट्याचा जो शब्द दिला आणि पुढे 1984 ला दांडेकर समितीने जो अनुशेष (विकासातली राहून गेलेली तूट) काढला, त्यात सिंचनाचा खड्डा सगळ्यात मोठा होता. पण वसंतराव नाईक आपल्या विदर्भातल्या पुसदचेच, अकरा वर्षांवर मुख्यमंत्री होते, आणि फडणवीस नागपूरचे, मग फक्त माणूस आपला असून भागत नाही ना. हा अनुशेष भरून निघावा म्हणून नेमलेली विदर्भ-मराठवाड्याची ती वैधानिक विकास मंडळं, त्यांची मुदत एप्रिल 2020 ला संपली आणि कट्ट्यावरच्या एकालाही तारीख आठवत नव्हती. टोल वाढला ती तारीख सगळ्यांना पाठ. मंडळाचं फक्त भाषण होतं, रस्त्याची रिबन कापता येते, त्यामुळे पैसे कुठे जाणार हे वेगळं सांगायला नको.

एक फरक बघा. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्ग काढला तर कोल्हापूरकर असे काही उठले की 2024 च्या विधानसभेच्या तोंडावर सरकारला त्यांच्यापुरती माघार घ्यावी लागली. आमच्याकडे पाचपट ऐकून सह्या झाल्या. आम्ही भित्रे आणि ते शूर असं नाहीये हो. तिकडे वावरात बारमाही पाणी आहे, ऊस आहे, कारखाना आहे, ते वावर सोडणं म्हणजे चालू दुकान सोडणं. आमच्याकडे सोयाबीनला हमीभाव मिळाला तर पेढे वाटायचे, मग कोरडवाहू एकराला पाचपट म्हटल्यावर माणूस सही करणारच. म्हणजे पाणी कुठे अडवलं त्यावर पन्नास वर्षांनी रस्ता कुठून निघेल हे ठरतं, असं माझं मत, पटलं तर घ्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. रात्री नको, पहाटे निघा. टायरची हवा आणि वय दोन्ही बघून घ्या, उन्हाळ्यात तर नक्कीच. डबा घरून न्या, टाकी चढण्याआधी फुल्ल करा, पाण्याचा कॅन ठेवा, त्या टँकरच्या भरवशावर राहू नका. ठिकठिकाणी कॅमेरे आहेत, 120 म्हणजे 120. एकटे असाल तर दर दीड-दोन तासाला इंटरचेंजला खाली उतरून चहा घ्या, परत चढायला पाच मिनिटं लागतात. आणि मेहकरला उतरलात तर जुन्या रोडने जरा मागे या, शेवभाजी सांगताना तिखट कमी असं आधीच सांगा, काका विचारत नाहीत.