रूलेटच्या ‘खात्रीशीर’ पुस्तकातला तक्ता पाचव्या ओळीलाच का संपतो?

गोव्याचा बेत ठरला की फोनवर जाहिराती सुरू होतात: हजार-दोन हजारांचं पीडीएफ पुस्तक, सोबत टेलिग्रामचा ‘व्हीआयपी’ ग्रुप, आणि कॅसिनोत जिंकायची ‘गणिताने सिद्ध’ पद्धत. अशा पुस्तकांत धडधडीत खोटं फारसं नसतं, म्हणून शिकलीसवरली माणसंही फसतात. लबाडी असते ती गाळलेल्या ओळींत.

सगळ्यात खपणारा धडा म्हणजे रूलेटवर, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायच्या खेळात, रक्कम दुप्पट करत जाणं. लालवर ५०० लावा; लाल आलं तर लावलेले परत आणि वर तितकेच मिळतात. हरलात तर १,०००, मग २,०००, मग ४,०००. कधीतरी लाल येणारच, आणि आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर ५०० सुटतात. छापलेला तक्ता पाचव्या ओळीला, ८,००० वर संपतो. पुढच्या दोन ओळी स्वतः लिहा: १६,०००, ३२,०००. प्रत्येक टेबलावर कमाल रकमेची पाटी असते. ती ३०,००० ची असेल तर सातव्या खेळीला दुप्पट लावताच येत नाही, आणि तोवर सहा खेळींत ३१,५०० गेलेले असतात.

सलग सहा वेळा हरतंय कोण, असं वाटतं. एका शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात, त्यांतली १८ लाल. शून्य धरून १९ घरं तुमच्या विरुद्ध. सहाही वेळा हरण्याची शक्यता निघते साधारण ५५ त एक. ५०० पासून जिंकेपर्यंत किंवा सहाही वेळा हरेपर्यंतचा खेळ ही एक मालिका धरा. म्हणजे सरासरीने ५४ मालिका जिंकून २७,००० मिळतात आणि एकच मालिका ३१,५०० घेऊन जाते. दोन शून्यांच्या चाकावर तर याहून वाईट.

खरी गोम पुढे आहे. पहिल्या २० मालिका, म्हणजे तास-दीड तासाचा खेळ, एकदाही न फसता पार पडण्याची शक्यता जवळपास ६९ टक्के आहे. १०० जणांना पुस्तक विकलं तर सत्तरेक जण पहिल्याच बैठकीत दहा हजार जिंकून चिप्सचे (पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांचे) फोटो ग्रुपवर टाकतात. ते फोटो खरेच असतात! उरलेले तीस लाजेने गप्प बसतात, किंवा ‘शिस्त पाळली नाही’ असं ऐकून घेतात.

ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा (कॅसिनोतर्फे खेळणाऱ्यापेक्षा) जास्त बेरीज करायच्या पत्त्यांच्या खेळात, मात्र तक्ता अस्सल असतो. पान कधी घ्यायचं, कुठे थांबायचं, याचं गणित अमेरिकेत १९५६ सालीच प्रसिद्ध झालं आणि आज ते फुकट मिळतं. विकणारा तेच उचलतो, पण ते कोणत्या नियमांच्या टेबलासाठी आहे ते सांगत नाही. तुमच्या पानांची बेरीज ११, डीलरचं उघडं पान १०: अमेरिकी तक्ता म्हणतो रक्कम दुप्पट करा. पण जिथे डीलर आपलं दुसरं पान तुमचा खेळ संपल्यावरच घेतो, आणि त्याला ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांतच २१) लागल्यास तुमची दुप्पट रक्कमही जाते, तिथे फक्त एक पान मागायचं असतं. दुसरं, ब्लॅकजॅक लागल्यावर टेबल किती देतं ते वाचा. १,००० वर १,५०० ऐवजी १,२०० मिळत असतील तर कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या टेबलावर तो मुळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पानं मोजायच्या, म्हणजे कोणती पानं येऊन गेली ते लक्षात ठेवून खेळायच्या धड्याचं तर विचारूच नका. सतत पिसणारं यंत्र असेल तर वापरलेली पानं लगेच आत जातात, मोजायला काही उरतच नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. टक्क्या-अर्ध्या टक्क्याच्या या हिशेबांत त्याचा उल्लेख कुठेच सापडणार नाही.

पुस्तकाची किंमत हे तर नुसतं आमिष. शेवटच्या पानावर ‘सरावासाठी’ एक लिंक असते. सराव अ‍ॅपवर तुम्ही जिंकतच जाता, मग खऱ्या पैशांचं ‘लाइव्ह टेबल’ उघडतं. तुम्ही जितकं हराल त्यातला वाटा अनेकदा लिंक देणाऱ्याला मिळतो. तुम्ही जिंकावं असं त्याला का वाटेल? ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिरातीही बंद केल्या आहेत, त्यामुळे ही लिंकच बेकायदा. जिंकलेले पैसे काढायला गेलं की ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’ असा मेसेज येतो. जिंकलेल्या रकमेवरचा टीडीएस देणारा रकमेतूनच कापून घेतो, आधी वेगळा मागत नाही. ती मागणी आली की पुढचा एक रुपयाही पाठवू नका.

‘तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल’ ही धमकी हमखास मिळते. त्या केंद्रीय कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा क्रमांक), यूपीआय आयडी, पीडीएफ आणि ग्रुपमधल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. भांडण काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण पहिला प्रश्न विचारताच तुम्हाला ग्रुपबाहेर काढतात आणि जुने मेसेज दिसेनासे होतात.